कमलने मोजलेल्या पाच खेपा

चूक माझी होती, ती आधी सांगतो. पत्नीच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिला वजन उचलायची सक्त मनाई होती आणि पाणी भरायचं काम माझ्याकडे होतं. बारा दिवस मी ते केलं नाही. केलं, असं मात्र सांगितलं. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. या सदरातले अनुभव मी ट्राममध्ये करमणूक म्हणून वाचत आलो. तरी जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

पाच वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो होतो. बेहालाला एका बंगाली कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. नळ खाली चौकात, पाणी सकाळी सहा ते आठ. वर यायला एकच जिना.

चार बाळंतपणं — शेवटचं जुळ्यांचं — झाल्यावर कमलचं पोट सुटलं ते आवरलंच नाही. बेंबीपाशी हर्निया, खाली कातडी ओघळलेली. हळदीकुंकवाला बायका विचारत, कितवा महिना? मीही चारचौघांत म्हणत असे, "आमच्याकडे बारमाही सातवा!" सगळे हसत. तीही हसायची.

पुढे दुखणं वाढलं. सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. हर्निया शिवायचा, सैल कातडी या कुशीपासून त्या कुशीपर्यंत कापून काढायची, बेंबी बहुधा ठेवता येणार नाही. दोन आठवडे इस्पितळात. घरी गेल्यावर गुडघ्यांखाली लोड घेऊन निजायचं, कमरेत वाकून चालायचं, जाड कापडाचा पट्टा दिवसभर. शिवणीभोवतालचा भाग कित्येक महिने बधिर राहील. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तीन महिने भरलेली बादली नाही. एकदा उचलली तरी आतली शिवण सुटेल आणि दुसऱ्यांदा शिवणं कठीण आहे.

मुलांना आम्ही नागपूरला माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं. घरी आल्यावर कमलने पट्टा सोडून आरशात बघितलं. "देव म्हणेल, ही मी केलेली नव्हे," एवढंच बोलली, आणि हसायला गेली तर टाके ताणले म्हणून कळवळली.

रोज पाणी आणून देणारा माणूस गावी गेला होता. धुणंभांडं करणारी बाई चौकातच काम उरकून जाई, जिना चढत नसे. तेव्हा मी कमलला सांगितलं, पाण्याची काळजी करू नकोस.

पहिल्याच दिवशी उशिरा उठलो आणि धावत ट्राम पकडली. एस्प्लनेडला ऑफिसात दुपारी आठवलं... मोरीत थेंब नाही. अर्ध्या दिवसाची रजा मागून गल्लीतल्या हातपंपाचं पाणी नेता आलं असतं. पण बायकोसाठी पाणी भरायचं आहे, हे साहेबांना सांगायची लाज वाटली. बसून राहिलो.

संध्याकाळी जिना चढून आधी मोरीकडे वळलो. मोरीत हंडा काठोकाठ भरलेला, शेजारी दोन्ही बादल्या भरलेल्या. मी विचारण्याआधी कमलच म्हणाली, "कधी भरलंत हो? गुंगीत नुसती पावलं ऐकली. पाच खेपा मोजल्या."

"तू झोपली होतीस," मी म्हणालो.

खालच्या बौदींनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, भरलं असेल, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशीही भरलं नाही. तिसऱ्या दिवशी मुद्दाम भरलं नाही. रोज संध्याकाळी पाणी तयार, रोज कमलच्या पाच खेपा. आठवड्याने बौदींचे आभार मानले, तर त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, दादा, बायकोपुढे मोठेपणा मिरवता तो पुरे नाही का, आता आम्हालाही त्यात ओढता? कामाच्या बाईनेही कानावर हात ठेवले.

मग एकच शंका उरली, कमलच लपून भरत असेल. तपासणीच्या दिवशी सर्जनना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी पुन्हा पोट दाबून बघितलं. म्हणाले, या बाईने तांब्यासुद्धा उचललेला नाही.

बाराव्या दिवशी रविवार होता. पावणेसहाला मोरीतली भांडी रिकामी आहेत हे पाहून मी वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो. नळ आला. बौदींनी त्यांचं पाणी भरलं. आठला नळ गेला. माझ्या अंगावरून कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. वर गेलो तर हंडा भरलेला, बादल्या भरलेल्या, आणि मोरीबाहेर फरशीवर ओल नाही. आतून कमलने हाक मारली. "आज फार हळू चढलात. दमलात का?"

दुसऱ्या दिवसापासून मीच पाणी भरू लागलो. भांडी रोज रिकामीच असत. पुन्हा कधी तसं घडलं नाही. पाच खेपा करताना मला धाप लागे, तेव्हा कळलं मी तिला कशाच्या तोंडी देऊन ऑफिसात बसलो होतो.

पण बोललो नाही. कमल मात्र पाच वर्षं बोलत राहिली. माहेरी, इथल्या मराठी मंडळात, शेजारी, नवरा असावा तर असा.

गेल्या महिन्यात मंडळातली एक तरुण बाई नवऱ्याबरोबर आली. तिचं तेच ऑपरेशन ठरलेलं. कमलने तिला सगळं सांगितलं: पहिला आठवडा ताठ उभं राहता येत नाही, खोकला आला तर उशी पोटाशी धरायची, बघून रडू येतं पण तेही ओसरतं. शेवटी म्हणाली, "बाकी सगळं नवऱ्यावर. अहो, यांना सांगा ना तुम्ही कसं भरत होतात."

तो मुलगा माझ्याकडे आदराने बघत होता. मी त्याला सांगितलं, पहिल्या दिवसापासून भर, एक दिवसही चुकवू नकोस.

ते पाणी कुणी आणलं, हे मला आजही माहीत नाही. उत्तर सुचेल असं वाटतही नाही. पण मी आणलं नाही, एवढं मला पहिल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं.

ती दोघं गेल्यावर कमल कपबश्या उचलत होती. मी तिला खाली बसवलं.

"ते पहिले बारा दिवस पाणी मी भरलं नव्हतं. कुणी भरलं, ठाऊक नाही. तू बादली उचलशील हे कळत असून मी ऑफिसात बसून राहिलो. आणि लोकांसमोर तुझ्या पोटावर हसलो, तेही. मला माफ कर, कमल."