जंगलातला कोरम

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. लायकी बघून कोणी केलं नाही. एका वार्षिक सभेत बाकीच्यांनी चपला शोधायला सुरुवात केली आणि मी बसून राहिलो. तेव्हापासून गळती, पार्किंग, कबुतरं, सगळं माझ्याकडे येतं आणि मी सगळ्यांना एकच उत्तर देतो, "बघू. मीटिंगमध्ये घेऊ." हे उत्तर मी घरातही देतो, हे मला बायकोने सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, त्यानंतर एकदा भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "आता या घरात तीन माणसं राहतात. मी, तू आणि सेक्रेटरी. मला दोन दिवस आपण दोघंच हवेत."

जागाही तिनेच शोधली होती. सह्याद्रीत, शेवटच्या गावात गाडी ठेवून चढत जायचं. वर जंगलात एक मोकळी जागा आणि एक झरा. वीज नाही, संडास नाही, फोनला रेंज नाही. आपला तंबू आपण लावायचा आणि बाकीच्या कामासाठी खुरपं घेऊन झाडीत जायचं.

"तिथे तरी त्या सेक्रेटरीला आणू नकोस," ती म्हणाली. "आणलास, तर पुढच्या वेळी मी मैत्रिणींबरोबर जाईन. भांडणार नाही. नुसती जाईन."

मी मनापासून कबूल केलं. मी सगळं मनापासून कबूल करतो, हाच माझा दोष आहे.

वर पोचलो तेव्हा तिथे आधीच तीन तंबू होते. घाटकोपरचं एक कुटुंब, सासूबाईंसकट. अंधेरीची कॉलेजातली पोरं. आणि बोरिवलीचे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी डिसेंबरच्या थंडीत बॅटरीवरचा पंखा आणला होता. "आम्हाला जंगलाची सवय आहे," ते म्हणाले. "खिडकीतून नॅशनल पार्क दिसतं."

तासाभरात झऱ्यावर भांडण झालं. धार करंगळीएवढी, आणि अंधेरीकरांनी तिच्याखाली मोठा कॅन लावून ठेवला होता.

"अरे, म्हाताऱ्या बाईला चहा नको का?" घाटकोपरच्या सूनबाई म्हणाल्या.

"काकू, भरतोय ना. पाणी काय पळून जातंय?"

मी तिथे फक्त तोंड धुवायला गेलो होतो, हे देवाशपथ सांगतो. पण भांडणारी माणसं आणि अपुरं पाणी एकत्र दिसलं की माझ्या घशातून आपोआप आवाज निघतो. "असं करू या," मी म्हणालो, "वेळा ठरवू."

बोरिवलीकरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. "सेक्रेटरी का?"

मी मान डोलावली. माझी छाती थोडी फुगली, हेही लिहिलं पाहिजे.

दुपारपर्यंत वेळा ठरल्या. झाडीचीही वाटणी झाली: बायका पठाराच्या अंगाला, पुरुष ओढ्याच्या अलीकडे, आत कोणी असेल तर फांदीला रुमाल. झऱ्यात भांडी विसळायची नाहीत, हा नियम माझाच. बायको तंबूच्या दाराशी शेंगा सोलत हे ऐकत होती. मला वाटलं, तिला कौतुक वाटतंय. अशी समजूत करून घ्यायला सेक्रेटरीच लागतो.

संध्याकाळी पठारावरून सूर्यास्त बघायचा, हे आमचं घरूनच ठरलं होतं. ती स्वेटर घालून उभी राहिली. "चल."

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "शेकोटीच्या लाकडांचं ठरवायचंय. सगळ्यांना बोलावलंय."

"सगळे पठारावर गेले, रे."

खरंच गेले होते. सासूबाईसुद्धा, सुनेचा हात धरून. खाली उरलो बोरिवलीकर आणि मी. इथे शहाणा माणूस उठला असता. पण बोरिवलीकर गंभीरपणे म्हणाले, "कोरम नाही. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करावी लागेल." आणि मी म्हणालो, "बरोबर आहे."

बायको गेली. आम्ही दोघे तो अर्धा तास दगडावर बसून राहिलो, सभा तहकूब ठेवत. झाडांच्या मागे आकाश केशरी झालं, जांभळं झालं, विझलं. बोरिवलीकरांनी मध्ये एकदा पंखा चालू केला. मग, तहकूब सभेला कोरम लागत नाही या नियमाप्रमाणे, आम्ही लाकडांचा ठराव एकमताने मंजूर केला. तोवर अंधेरीची पोरं लाकडं घेऊन परतही आली होती.

शेकोटी पेटल्यावर मी तंबूकडे गेलो, तर तिथे फक्त दाबलेलं गवत होतं. तंबू ओढ्यापलीकडे उभा होता. बायको बाहेर बसली होती.

"इकडे का?"

"तुझ्या हद्दीबाहेर. आत यायचंय? मेंबर म्हणून की नवरा म्हणून?"

"सूर्यास्त कसा होता?" मी विचारलं.

"कोरम होता," ती म्हणाली आणि आत गेली.

सकाळी उठून मी झऱ्यावर राजीनामा दिला. सोसायटीत मी तो अनेकदा दिला आहे. तिथे लोक हातापाया पडतात. इथे बोरिवलीकर "ठीक आहे" म्हणाले आणि कामाला लागले. मला जरा लागलंच.

परत येऊन बायकोशेजारी बसलो. तिने न विचारता काळा चहा दिला. ओढ्यापलीकडे नवे सेक्रेटरी घाटकोपरला आणि अंधेरीला पाण्याची एकच वेळ देत होते. आता कॅनवरून पुन्हा जुंपणार, हे मला दिसत होतं.

"ओठ हलतायत तुझे," बायको म्हणाली.

"नाही."

"जा, सांगून ये. मी थांबवत नाही."

मी दोन्ही हातांनी कप धरून बसून राहिलो. पलीकडे आवाज चढले. ती उठली, ओढा ओलांडून झऱ्याशी गेली, सगळ्यांच्या मधून वाकली आणि तिने आपला कप सावकाश धारेखाली विसळला. तिथूनच माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो. एवढं कठीण काम मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

ती परतल्यावर मी विचारलं, "पुढच्या डिसेंबरात येऊ या? दोघंच?"

तिने कप पुसून पिशवीत ठेवला.

"बघू," ती म्हणाली. "मीटिंगमध्ये घेऊ."