सातवी आलेली घोडी

मामाची घोडी किनाऱ्यावरच्या घोडागाड्यांच्या तीन शर्यती पळाली होती. पहिलीत दुसरी आली, दुसरीत तिसरी आणि धुळवडीच्या शर्यतीत आठ गाड्यांत सातवी. आठवी गाडी परत पोचलीच नव्हती. तिचा घोडा पल्ल्याच्या टोकाच्या बावट्याला वळायचं सोडून सरळ सुरूच्या बनात शिरला आणि एका भेळवाल्याच्या टेबलापाशी थांबला. तेव्हा सातवी म्हणजे शेवटची, असं मामीचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढणं अवघड होतं.

मामाचं घर अलिबागच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. मागच्या अंगणात तबेला. या पाच मिनिटांनीच सगळा घोटाळा केला होता. आजूबाजूच्या घरांनी पर्यटकांसाठी एसी खोल्या बांधल्या होत्या. शनिवारी रो-रो बोटीने मोटारींसकट उतरलेली मुंबईची माणसं खोली विचारत मामीच्या दाराशीही येत. तिथे त्यांना घोडी दिसे. ती माणसं घोडीचा फोटो काढत आणि शेजाऱ्याकडे राहायला जात.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मामीने जेवताना निर्णय जाहीर केला.

"पाडव्याच्या शर्यतीत पहिल्या तीनात आली तर ऱ्हाईल. न्हाय आली तर घोडी विकायची, तबेला पाडायचा आन तिथं खोली बांधायची. कमोडसकट."

मामाने तोंडातला मासळीचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "व्हय," तो म्हणाला. त्याला बहुधा दुसरं काही म्हणण्याची मुभा नव्हती.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. शर्यतीच्या बातमीत पहिले तीन क्रमांक जात आणि उपस्थित मान्यवरांची दहा-बारा नावं जात. चौथ्या घोड्याला जागा नसे, चौथ्या मान्यवराला असे. उरलेलं मी वहीत टिपून ठेवी: कुठली गाडी कुठल्या पट्ट्यात होती, बावट्याला वळताना कितवी, परतताना कितवी, पुढच्या गाडीपासून किती मागे. या वहीचा उपयोग संपादकांना नव्हता, वाचकांना नव्हता आणि मलाही नव्हता. मामाला मात्र तिच्याबद्दल फार आदर होता, कारण माझं अक्षर त्याला लागत नसे.

"भाच्या, वही काढ," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. "येईल का न्हाय, एवढंच सांग."

मागच्या शर्यतीवरून पुढची ताडायची तर क्रमांक ही सगळ्यात कमी कामाची गोष्ट. क्रमांक फक्त कोण पुढे होतं ते सांगतो, का होतं ते सांगत नाही. वहीत पट्टे पाहिले. ते समुद्राकडून मोजतात. पहिला पट्टा पाण्यालगतचा, आठवा सुरूच्या बनाजवळचा. पाण्यालगतची रेती ओली आणि कडक असते, चाक तिच्यावरून सडकेवरून जावं तसं जातं. बनाजवळची कोरडी असते आणि चाक चार बोटं रुततं. मामाची घोडी दुसरी आली तेव्हा दुसऱ्या पट्ट्यात होती, तिसरी आली तेव्हा पहिल्या. धुळवडीला ती आठव्यात होती. त्या दिवशी सहाव्या पट्ट्यातली गाडी पाचवी, सातव्यातली सहावी आणि आठव्यातली सातवी आली होती.

मी हे मामाला समजावत असताना मामी ओटीवर वाल सोलत होती.

"म्हणजे घोडी धावतच न्हाय," ती म्हणाली. "रेती धावते."

"तसंच काहीसं, मामी."

"मग हार रेतीलाच घाला. घोडीला कशाला खरारा करता?"

"तू गप ऱ्हा गं," मामा म्हणाला. "तो शिकलेला हाय."

"शिकलाय म्हणूनच इचारते."

शर्यतीच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या आणि मामाला पहिला पट्टा मिळाला. तो घरी येताना पेढे घेऊन आला. निकालाआधी पेढे आणणारा माणूस मी तोवर फक्त निवडणुकीत पाहिला होता. त्याने माझ्याकडून लेखी मागितलं. मी वहीतलं एक पान फाडून त्यावर लिहिलं: पहिली किंवा दुसरी. मामाने ते तबेल्याच्या खांबाला टोचलं. सकाळपर्यंत घोडीने त्याचा अर्धा भाग खाल्ला होता.

शर्यतीची वेळ सकाळी आठची होती. साडेसहाला ओहोटी पुरी झालेली, किनारा लांबच लांब उघडा, आठही पट्टे फक्कीने आखलेले. पहिल्या पट्ट्यातली रेती पाटीसारखी. मी पायाने दाबून पाहिली आणि माझ्या अंदाजावर खूश झालो.

आठ वाजता माइकवरच्या निवेदकाने सांगितलं की प्रमुख पाहुणे माणगावहून निघाले आहेत. साडेआठला सांगितलं की ते वाटेत आहेत. नऊला सांगितलं की ते महामार्गावर आहेत, म्हणजे आधीच्या अर्ध्या तासात ते कुठे होते हा प्रश्न उरला. मधल्या वेळात त्याने पाहुण्यांचं क्रीडाप्रेम तीन वेळा सांगितलं. हजेरीवरून ते दिसत नव्हतं.

साडेनऊला मामा गाडीवरून उतरून माझ्याजवळ आला.

"भाच्या, पानी."

पहिल्या पट्ट्याची फक्की लाटेने पुसली होती.

पाडवा म्हणजे अमावास्येचा दुसरा दिवस. त्या दिवशी भरती दुपारी साडेबाराच्या सुमारास पुरी होते. हे आमच्या किनाऱ्यावर शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येतात हेही प्रत्येकाला ठाऊक असतं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. एकत्र मात्र केल्या नव्हत्या. मागच्या तिन्ही शर्यतींची सुरू झाल्याची वेळही वहीत होती. त्या वेळेवर सुरू झाल्या होत्या, कारण तिन्ही वेळा पाहुण्यांनी ऐनवेळी येणं रद्द केलं होतं. मी पट्ट्याचा आकडा पाहिला आणि छापील पत्रिकेवरची वेळ खरी धरली. बातमीदाराने ती चूक करायला नको होती. छापील वेळ कशी छापली जाते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असतं?

मामा संयोजकांकडे गेला. पट्टे वर सरकवा म्हणाला.

"फक्की मारून झाली, काका," संयोजक म्हणाला. "चिठ्ठ्या पडल्या. आता हलवलं तर आठ जण भांडतील. आता तुम्ही एकटेच भांडताय."

हिशेब चोख होता. मामा परत येऊन गाडीवर बसला.

दहा वाजून वीस मिनिटांनी पाहुण्यांनी बावटा दाखवला. तोवर पहिल्या पट्ट्यात घोट्याच्या वर पाणी होतं, दुसऱ्यातही लाटा शिरत होत्या. दुसऱ्या पट्ट्यातला घोडा पहिल्याच लाटेला बिचकला आणि आडवा झाला. मामाची घोडी पाण्यातून सुटली. पाणी दोन्ही बाजूंना उडत होतं आणि त्यात मामा मधूनमधून दिसत होता. बावट्याला वळताना ती सातवी होती. परतीच्या वाटेवर तिने एक, मग दुसरी, मग तिसरी गाडी मागे टाकली. तिसऱ्या क्रमांकाच्या गाडीपासून ती एका गाडीच्या लांबीने मागे राहिली.

चौथी.

मामा उतरला तेव्हा डोक्यापासून ओला होता. त्याने घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि जोत सोडलं. मामी बनाच्या कडेला उभी होती. ती खाली आली.

"चौथी," ती म्हणाली.

"पानी होतं," मामा म्हणाला.

"दिसलं मला. तीन म्हनाले होते मी."

"व्हय."

मी तोंड उघडलं. घोट्यावर पाण्यातून चौथी येणं म्हणजे पाणी नसताना काय, हे सांगण्याची माझी तयारी होती. मामीने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

तेवढ्यात किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावर फिरवणारा एक माणूस आला. त्याने घोडीभोवती एक फेरी मारली, पाय पाहिले.

"देणार का? माझे घोडे लाट आली की मागं फिरतात. गिऱ्हाइकाला पाण्यात फोटो हवा असतो. ही तर पाण्यात धावते."

मामाने मामीकडे पाहिलं. शब्द तिचा होता. हवं तसं गिऱ्हाईक चालत समोर आलं होतं.

मामीने त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हिला पाण्यात फिरवायला तुम्ही कशाला पायजे?" ती म्हणाली. "घर आमचं पाच मिन्टांवर हाय."

घरी पोचेपर्यंत तिने सगळं ठरवलं. चौथी आली म्हणून शर्यत कायमची बंद. घोडी राहील, कारण खोलीत उतरणाऱ्याला घोडी लागेल. तबेला राहील, कारण घोडी राहील. मग खोली कुठे, असं मामाने विचारलं.

"तुमची हाय की," मामी म्हणाली. "तुम्ही पडवीत झोपा. वारा येतो."

मामाची खोली महिनाभरात रंगवून झाली. कमोड बसला. पुढच्या धुळवडीच्या शर्यतीला मामा फक्त बघायला आला. पट्ट्यांपासून लांब उभा राहिला आणि गाड्या सुटल्यावर त्याची बोटं लगाम धरल्यासारखी हलत होती. शर्यत पुरी व्हायच्या आत तो घरी गेला. दुपारी गिऱ्हाईक होतं.

पुढच्या एका रविवारी मी गेलो तेव्हा तो गुडघाभर पाण्यात घोडीची दोरी धरून उभा होता. पुण्याचा एक गृहस्थ चढायच्या तयारीत होता.

"काका, ही शर्यतीत वगैरे पळालीय का कधी?"

"पळालीय की."

"कितवी आली?"

मामाने माझ्याकडे बोट केलं. "भाच्याला इचारा. त्याच्या वहीत हाय."

"शेवटच्या शर्यतीत चौथी," मी म्हणालो. "पण त्या दिवशी भरती होती, पट्टा पहिला होता आणि वळणाला ती सातवी असताना..."

"अच्छा, अच्छा," गृहस्थ म्हणाला, आणि व्हिडिओ काढण्यासाठी त्याने आपला मोबाइल माझ्या हातात दिला.