आई मोठ्या बाबांशी बोलली

आमच्या झाडीपट्टीत सुनेनं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडायचं नाही अशी रीत होती. माझी आई ती इतकी चोख पाळायची, की मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, हाताच्या अंतरावर बसलेले असले तरी मलाच म्हणायची, "मोठ्या बाबाले सांग, जेवण वाढलं." त्यांना स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं, पण मी सांगेपर्यंत तेही हलायचे नाहीत. मी शाळेत असले, की आई तोच निरोप शेळीला सांगायची. गावात तिला मुकी गाय म्हणत. मला त्याची भारी चीड यायची, आणि त्याहून चीड याची, की तिच्याकडे पाहून ते खरं वाटायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धान पोटरीत आला होता आणि त्याला शेवटचं पाणी द्यायला आमच्याकडे एकच बोडी होती. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला असलेलं लहानसं तळं. ती रिकामी झाली असती तर धान पळंजावर गेला असता, म्हणजे दाणा न भरता पोचट राहिला असता, आणि वर्षभर घरात भाताचं नाव निघालं नसतं. बाबा आलापल्लीकडे लाकडाच्या कामावर गेले होते. त्या दिवशी चामोर्शीचा बाजार, म्हणून मोठे बाबा सोडले तर गावातले बाकीचे पुरुषही तिकडेच. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गवत कापणाऱ्या बायका ओरडत आल्या, बोडीची पार फुटली म्हणून.

आम्ही धावलो. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी मातीच्या बांधाला माणूस मावेल एवढं भगदाड पडलं होतं. मोठे बाबा टोपल्यानं माती टाकत होते. टोपलं रिकामं व्हायचं आणि माती पाण्याबरोबर निघून जायची.

आईनं पाहिलं आणि सवयीनं मला म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग, माती नोको टाका. आंधी ताटी लावा."

मी ओरडले. पाण्याचा आवाज एवढा, की त्यांना काही कळेना. "काय म्हणते?" ते म्हणाले. मी आईकडे वळले, "काय म्हणते म्हणतात." तेवढ्यात भगदाडाच्या काठाचा एक मोठा लचका सुटून गेला. इकडे बोडी चालली आणि आम्ही निरोप खेळत बसलो होतो!

आईनं डोक्यावरचा पदर ओढून कमरेला खोचला आणि थेट बोडीत उतरली. पाणी छातीला लागलं तशी ती ओरडली, "भाऊ! माती काऊन टाकून राह्यले? वाहून चालली ना सारी! कोठ्याची ताटी काढून आना! पळा!"

मोठे बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. मग ते खरंच पळाले. जन्मात कोणी त्यांना पळा म्हटलं नव्हतं. गुरांच्या कोठ्याची बांबूची ताटी आणि तिथलंच तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, बायकांनी आणि त्यांनी मिळून आणलं. आईनं ताटी आतल्या बाजूनं भगदाडावर उभी केली, आणि पाण्याच्याच जोरानं ती बांधाला घट्ट बसली. "खुंट्या ठोका! तनीस भरा! आता माती!" आईचा आवाज शेताच्या पार खालच्या टोकापर्यंत जात होता. तो एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं, बहुधा तिलाही नव्हतं. बायका टोपली देत होत्या, मोठे बाबा तिच्या शेजारी ताटीला खांदा लावून उभे होते आणि मला अभिमानानं रडू येत होतं.

धार बारीक झाली, मग थांबली. अर्ध्याहून जास्त बोडी वाचली होती. त्या साली कापणीपर्यंत तेवढं पाणी पुरलं आणि आमच्या अंगणात धानाची रास पडली.

संध्याकाळी बाजारातून परतलेले पुरुष पारीवर जमले आणि मोठ्या बाबांची वाहवा करू लागले. ते म्हणाले, "मले काऊन म्हनता? मी त सांगतलं तसं केलं. हिनं सांगतलं."

सगळे आईकडे पाहू लागले. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे वळली. "मोठ्या बाबाले सांग..."

"पोरीले काऊन सांगतेस?" मोठे बाबा म्हणाले. "मले सांग."

आई घुटमळली. मग मान वर करून, सगळ्यांदेखत म्हणाली, "आजची रात इथी मानूस बसवा, भाऊ. ताटी नवी हाय."

"मीच बसतो, बाई," मोठे बाबा म्हणाले.