मोराला बिजागरी

शहाजीचा गजांवर भारी जीव. कराडला वेल्डिंगचं दुकान होतं तेव्हापासून गज नसलेली खिडकी त्याला उघडीबोडकी वाटायची. कतारला आला तरी ती खोड गेली नाही. एका बंगल्याच्या तळघरात त्यानं खिडकी बसवली आणि कुणी न सांगता तिला झकास लोखंडी जाळी वेल्ड करून टाकली.

साइट इंजिनिअर सुरेश नाशिकचा. त्यानं जाळी पाहून कपाळाला हात लावला.

"मग काय चोराला आवतान द्यायचं का?" शहाजी फणकारला.

सुरेशनं त्याला तळघरातच ठेवलं, जिन्याचं दार लावलं आणि स्वतः बाहेरून खिडकीशी येऊन म्हणाला, "शहाजीभाऊ, जिन्यात आग लागलीय. या आता बाहेर!"

शहाजीनं खिडकी उघडली आणि आपल्याच गजांना धरून उभा राहिला. जन्मभर चोराचा विचार केला. आतल्या माणसाचा विचार कधी मनातही आला नव्हता.

"तळघराची खिडकी सुटकेसाठी असते," सुरेश हळू आवाजात म्हणाला. "नियम आहे. जाळी हवीच असेल, तर ती आतून, किल्लीशिवाय उघडली पाहिजे."

"खलास. कापतो," शहाजी म्हणाला. पण ग्राइंडर उचलण्याआधी त्यानं गावी बायकोला फोन लावला. त्याच्या आईच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि तिच्या जाळीत त्यानं आईच्या हौसेखातर लोखंडी मोर घडवला होता.

"बबीता, वेल्डर बोलव. आईच्या खिडकीची जाळी सोडवून घे."

"अवं, अन् मोर?"

"मोर ऱ्हाऊ दे. पण त्याला बिजागरी लाव, अन् कडी आतनं. म्हातारीच्या हाताला येईल अशी."