वरच्या शिंगावरची झीज

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला दिवसभर वाद घालायला कोणी मिळत नाही. मशीनचं चाक फिरतं, त्यावर पाण्याची बारीक धार पडते, काच फ्रेमच्या मापात येते आणि पुढे काउंटरवर जाते. गिऱ्हाइकाशी बोलतो तो मालक. त्यामुळे आठवडाभर साठलेलं सगळं बोलणं आमचा हा गृहस्थ रविवारी सकाळी गिटारच्या दुकानात नेऊन ओतायचा. तिथे त्याला पारखी म्हणत. नाव पडलं होतं थट्टेत, पण त्याने ते पदवीसारखं मिरवलं.

तिथला कंपू चौघांचा. दुकानदार, बँकेतला एक कारकून, दातांचा एक डॉक्टर आणि हा. चौघांचाही जीव इलेक्ट्रिक गिटारवर आणि चौघांचंही वाजवणं जेमतेम. बोट अडलं की कारकून तारांना दोष द्यायचा, डॉक्टर अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मतं मात्र उदंड. जुनं लाकूड सुकून कसं बोलायला लागतं, पूर्वी पिकअपवरची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकावरची, तार हाताने गुंडाळायचे म्हणून आवाज कसा भरीव यायचा, हल्ली सगळा आवाज कसा पोकळ झालाय, हे दर रविवारी तेच ते बोलून कोणालाही कंटाळा येत नसे.

त्यातही पारखीचं म्हणणं सगळ्यांत कडक. गिटार जुनी व्हावी लागते, करता येत नाही, असं तो बजावायचा. त्याच्याजवळ एक खरोखरीची जुनी गिटार होती, कोणा वादकाच्या घरून विकत आलेली. तिच्यावरचा उडालेला रंग तो असा दाखवायचा, जणू याच्याच घामाने उडाला होता. पहिली गिटार कुठली, असं कोणी विचारलं, तर एका म्हाताऱ्या वादकाने माझा हात बघून मला दिली, असं सांगायचा. ही शुद्ध थाप होती.

पहिली गिटार त्याला त्याच्या ताईने आणून दिली होती. ताई त्याच्याहून बरीच मोठी, गिटारच्या एका कारखान्यात रंगखात्यात कामाला. कारखाना स्वस्तातल्या गिटारी करायचा. पाठीच्या लाकडात गाठ निघाली म्हणून बाजूला टाकलेली एक गिटार तिने साहेबांकडून मागून घेतली, जेवणाच्या सुट्टीत घासली, रंगवली आणि एका संध्याकाळी चादरीत गुंडाळून घरी आणली. तेव्हा हा पंधरा वर्षांचा होता आणि आनंदाने त्याला जेवण गेलं नव्हतं. पुढे चार शहाण्यांत ऊठबस सुरू झाली आणि टाकाऊ मालावर हात बसलाय हे सांगायची त्याला लाज वाटू लागली. ती गिटार त्याने कधीच एका जुनं सामान घेणाऱ्याला देऊन टाकली, ताईला सांगितलं की गिटारचा दांडा वाकला. ताई अजून त्याच कारखान्यात आहे, हेही त्याने कंपूत सांगितलं नव्हतं. रविवारी स्वस्त गिटारीवाल्यांना शिव्या पडत, त्यात याचाच आवाज मोठा असे.

आता नेमका त्याच कारखान्याने एक नवा घाट घातला. त्यांनी आपल्याच जुन्या गिटारी नव्याने काढायच्या ठरवल्या. तोच सायीचा रंग, तीच मोठाली बटणं, तोच बसका आकार. त्यातली एक गिटार तर कोरी असूनही झिजलेली दिसणार होती. वर्षानुवर्षं वाजवून जागोजागी रंग जातो, तसा तो कारखान्यातच घासून काढायचा. बाजारात आणण्याआधी त्यांनी नमुने दुकानादुकानांत पाठवले आणि हौशी मंडळींची मतं मागवली. ताईने त्या आठवड्यात फोन केला होता. बाकीच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, आमच्या नव्या गिटारी येतील तुझ्या त्या रविवारच्या दुकानात, त्या झिजवलेलीला नीट बघ हं. याने हो हो म्हटलं आणि विसरला.

कारण त्याला माहीत नव्हतं आणि ताईने सांगितलं नव्हतं, की त्या गिटारीची झीज ताईनेच केली होती. इतकी वर्षं सांगतील तिथे घासणाऱ्या बाईला साहेबांनी पहिल्यांदा विचारलं होतं, झीज कुठे कुठे असावी? नमुना पसंत पडला तर या कामाचं वेगळं खातं निघणार होतं आणि ते ताईच्या हाताखाली येणार होतं.

रविवारी दुकानदाराने नमुने भिंतीवर टांगले आणि एकेकाचं मत मोबाइलवर चित्रित करायला घेतलं. कारकुनाला रंग आवडला. डॉक्टरने आवाजाला बरं म्हटलं, तेही हातचं राखून. मग पारखी पुढे झाला. त्याने झिजवलेली गिटार खाली काढली, उलटसुलट केली आणि वरच्या अंगाला जे टोकदार शिंग असतं, तिथे बोट ठेवलं. शिंगाच्या कडेला चांगला अंगठ्याएवढा रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं.

"पी हळद आणि हो गोरी, तसं हे चाललंय," तो मोबाइलकडे बघून म्हणाला. "अहो, झीज हाताने होते. मनगट टेकतं तिथे, पट्टा घासतो तिथे. इथे कुठला हात येतो? ज्याने हे केलं त्याने जन्मात कोणाला गिटार वाजवताना पाहिलेलं नाही. का वाजवणारा गिटार चाटत होता?"

कंपू खो खो हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण लागली ती बरोबर. दुकानदाराने ते जसंच्या तसं दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकलं आणि आठवड्यात गिटारवाल्यांच्या जगात ती 'चाटलेली गिटार' झाली. अनोळखी लोक पारखीला शाबासकी देऊ लागले. काचा घासताना तो मधूनच मोबाइल काढून आपलंच बोलणं बघायचा. बायको एकदा म्हणालीही, की ताईंच्या कारखान्याचं आहे ना ते? तर म्हणाला, ताईचा काय संबंध, ती सांगतील ते घासते.

पुढच्या शनिवारी तो ताईकडे गेला. तिच्यासाठी त्याने वाचायचा चष्मा बनवला होता. बारीक कामाने तिचे डोळे अधू झाले होते. खिडकीशी खुर्ची ओढून त्याने तो तिच्या नाकावर बसवला, मागे सरकून बघितलं, पुन्हा काढून दांडी जराशी वाकवली. हे काम तो मन लावून करायचा. करता करता त्याला राहवेना. तो म्हणाला, ताई, पाहिलंस का, तुमच्या साहेबांची कशी जिरवली मी?

ताई म्हणाली, "पाहिलं. खात्यात सगळ्यांनी पाहिलं." मग म्हणाली, "ती झीज मी केली होती."

त्याच्या हातात चष्मा तसाच राहिला. ते तुझं काम आहे हे मला काय माहीत, असं काहीतरी तो म्हणायला गेला. पण मनातून तो अजूनही पारखीच होता. म्हणाला, पण ताई, खरं सांग, त्या शिंगावर तू का घासलंस? तिथे कोणाचा हात जातच नाही.

"हात नाही रे. हनुवटी," ताई म्हणाली. "बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. अ‍ॅम्प नव्हताच आपल्याकडे. तू कॉटच्या कडेला बसून त्या शिंगावर हनुवटी टेकवायचास, म्हणजे हाडातून ऐकू येतं म्हणून. मी समोर कपडे घडी करत बसायचे. मला काही ऐकू यायचं नाही, नुसती तुझी बोटं दिसायची. तिथला रंग तूच तर घालवलास. मला दुसऱ्या कोणाची झीज ठाऊकच नाही."

पारखीला ते दिवस आठवले. सगळं समोर आलं. दोन खोल्या, बाबांचं घोरणं, गालफडाला लागणारं गार लाकूड, आणि तार छेडली की डोक्याच्या आत उठणारा आवाज, जो जगात फक्त त्याला एकट्याला ऐकू यायचा. इतकं कसं विसरलं? विसरलं नव्हतं. लपवता लपवता हरवलं होतं. दुसऱ्याच्या झिजेवर इतकी वर्षं मिजास केली आणि स्वतःची झीज समोर आली तर तिला चाटलेली म्हटलं.

रागावलीस का, असं त्याने कसंबसं विचारलं.

"राग नाही आला," ताई म्हणाली. "वाटलं होतं, तू ओळखशील."

याच्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नमुन्याचं काय होणार, हे त्याने मान खाली घालूनच विचारलं. ताईने सांगितलं, साहेब म्हणतात लोक हसतायत, शिंगावरचं ते काढून टाकू, चारचौघींसारखी झीज करू. सोमवारी बैठक आहे, बघू. तिने चष्मा त्याच्या हातातून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि छान दिसतंय म्हणाली. तो चहाही न घेता निघाला.

म्हणजे रविवार एवढाच काय तो हाताशी होता. पारखीने वाटेत मनाशी भाषण जुळवलं, पण दुकानाची पायरी चढताना ते विसकटलं. आत शिरताच कारकुनाने या चाटूसम्राट म्हणून स्वागत केलं. हा ओशाळं हसला. मग गिटारीकडे बघत, जणू सहज सुचलंय असं दाखवत म्हणाला, की तसं बघितलं तर ते शिंग इतकं काही वाईट नाही. डॉक्टरने विचारलं, काय रे, कारखान्यात चिकटलास की काय? पुन्हा हशा. आणि सांगायला शरम वाटते, पण पारखीही त्यात हसला. म्हणाला, छे हो, गंमत केली.

विषय तारांवर गेला. हा स्टुलावर बसून राहिला. आपण पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, दोन पोरांचा बाप, आणि तीन माणसांच्या हसण्याला घाबरून सख्ख्या बहिणीला दुसऱ्यांदा विकतोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. भिंतीवरचं ते उघडं लाकूडही दिसत होतं. शेवटी तो उठला. नमुना खाली काढला, अ‍ॅम्पची वायर बाजूला केली, स्टुलावर बसून पाठीला पोक काढलं आणि शिंगावर हनुवटी टेकवली.

ती अशी बसली, की जरासुद्धा सरकवावी लागली नाही. ताईने नुसती जागा लक्षात ठेवली नव्हती, जबड्याचा उतारही धरला होता. त्याने तार हळूच छेडली. दुकानात काही ऐकू आलं नाही. त्याला आलं, आणि त्याचे डोळे भरले.

काय चाललंय, असं दुकानदाराने विचारलं. पारखी हनुवटी न काढताच बोलला, त्यामुळे आवाज घोगरा आला. "मोबाइल काढ. सांगतो. माझी पहिली गिटार कोणा वादकाने दिली नव्हती. याच कारखान्याचा टाकलेला माल होता. माझ्या ताईने घासून आणला. घरी अ‍ॅम्प नव्हता, म्हणून असं ऐकायचो. ही झीज माझी आहे, ताईने केली आहे, आणि मला ती ओळखता आली नाही. मला पारखी म्हणू नका."

या वेळी कोणी हसलं नाही. ते हसले असते तर त्याला परवडलं असतं. कारकून आपल्या बुटांकडे बघत राहिला. डॉक्टर घसा खाकरून म्हणाला, की लहानपणी मीही एकदा दाताने धरून ऐकली होती. दुकानदाराने तेही पानावर टाकलं, पण बदनामी धावते आणि माफी लंगडते. पहिलं बोलणं गावभर फिरलं होतं, दुसरं कंपूच्या ओळखीपाळखीतच राहिलं.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. नव्या गिटारी बाजारात आल्या त्या साध्या झिजेच्या, मनगटापाशी थोडं, पट्ट्यापाशी थोडं. वेगळं खातं निघालं, ते दुसऱ्याच्या हाताखाली. ताई होती तिथेच राहिली.

हे कळलं त्या दिवशी तो तिच्याकडे गेला. चष्मा मागून घेतला आणि खिडकीशी बसून तो उगाच पुसत राहिला. ताई भाजी निवडत होती. तिने चौकशी केली, मुलं कशी आहेत, दुकान कसं चाललंय. खात्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी यानेच विषय काढला. म्हणाला, माझ्यामुळे गेलं गं तुझं खातं.

ताई म्हणाली, गेलं ते गेलं. मग भाजीवरची नजर न काढता तिने सांगितलं, "पहिलं बोलणं आमच्या खात्यात लावलं ना, तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, बाई, हा आवाज तुमच्या भावासारखा वाटतो. मी म्हटलं, नाही गं, हा कोणी दुसराच."

तो पुसायचा थांबला.

"दुसरंही लावलं मुलींनी," ताई म्हणाली. "तेव्हा कोणी विचारलं नाही. मीच सांगितलं, माझा भाऊ आहे म्हणून."

त्याने इतकी वर्षं तिला नाकारलं होतं आणि तिला कळूनही ती कधी बोलली नव्हती. तिने नाकारलं एकदाच, आणि तेही त्याला सांगून टाकलं. त्याने चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की नाकाच्या डाव्या बाजूला चष्म्याने लाल वण पाडला होता. टोचतो का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, पहिल्या दिवसापासून. त्याने चष्मा परत काढला, खिशातला बारीक चिमटा काढला आणि मान खाली घालून कामाला लागला.