मोरीतल्या नळाचा जोड

ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितलेली नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. सांगणार कोणत्या तोंडाने? तुम्ही परके आहात म्हणून जमतंय. तरी बघा, सुरुवात कुठून करावी ते अजून कळत नाही.

सुमनच्या वडिलांपासून करते. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नव्हते. मी आजही घेणार नाही. शहाद्यात सगळे त्यांना मिस्तरी म्हणत. जिनिंगमध्ये फिटर होते. आमच्याकडे कापूस उदंड, हंगाम सुरू झाला की कारखान्यातली यंत्रं महिनोन्‌महिने थांबत नसत, आणि थांबली की ह्यांना बोलावणं यायचं. नुसता हात ठेवून सांगायचे, आत काय अडलंय ते. मी पाहिलेलं नाही, लोक सांगत. बोटं जाडजूड, काळपट, नखांच्या कडांना कायम तेल. त्या बोटांनी सुमनच्या पायातला बारीक काटा काढायचे आणि पोरगी रडायचीसुद्धा नाही.

महाराष्ट्र वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. त्याच सुमारास आमच्या गल्लीत नळ आले. दोन्ही गोष्टी एकदम आल्या नसत्या तर — नाही, हे असं बोलणं म्हणजे पळवाट. नळाने काही केलं नाही.

नळ फक्त अंगणापर्यंत आला होता. मिस्तरी म्हणाले, आपण तो आत स्वयंपाकघरातल्या मोरीत आणू. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही म्हणाले. साठीतला माणूस भिंतीला भोक पाडत बसला. पाइपाला आटे पाडून आणले, पाणी झिरपू नये म्हणून आट्यांवर ताग गुंडाळला, सफेदा लावला. मोरीशी, भिंतीला लागून, दोन पाइप जिथे एकत्र येतात तिथे एक मोठा नट होता. तो कसताना त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, बघून ठेव, या बाजूला फिरवलं की कसतो, त्या बाजूला फिरवलं की सुटतो. मी कधी नसलो तर तुला यायला हवं.

मला आलं. चांगलं आलं.

पाणी सकाळी एकदा आणि दिवे लागायच्या आधी एकदा यायचं. पहिल्यांदा मोरीत धार पडली तेव्हा शेजारणी बघायला आल्या. मी हंडा लावला आणि मिस्तरींकडे बघितलं. ते ओल्या फरशीवर बसले होते, धोतराला सफेद्याचे डाग, गुडघे चोळत हसत होते. चांगला दिवस होता तो. हेही सांगायला हवं.

मग काम संपलं.

निवृत्त माणूस घरात काय करतो, तुम्हाला माहीत आहे? पस्तीस वर्षं ते भोंग्याला जायचे आणि भोंग्याला यायचे. मधला सगळा दिवस माझा. भाकरी झाल्या, भांडी झाली, की मी मागच्या दारात पाय सोडून बसायची. बशीत चहा ओतून प्यायची. काही करत नसे, कोणाशी बोलत नसे. सुमन म्हसावदला सासरी गेल्यावर तर तेवढा एक तास मी कोणासाठी सोडला नाही. कोणी विचारलं असतं, काय करतेस, तर मला सांगता आलं नसतं. पण कोणी विचारत नव्हतं.

आता मिस्तरी विचारायला लागले. "काय करी ऱ्हायनी वं, सुमननी माय?" मागच्या दारात येऊन उभे राहायचे. रागाने नाही, हौसेने. काम हवं होतं त्यांना. मग माझे डबे उंचीप्रमाणे लावले. पळ्या टांगायला खिळे ठोकले, लहानापासून मोठीपर्यंत. डाळीचा डबा मला सापडेना. कळण्याच्या भाकरीच्या पिठात पाणी जास्त घालतेस, म्हणाले. चुलीत लाकूड कसं सारावं ते सांगितलं. त्या घरात मी कधीच काही बोलले नव्हते, बोलायची वेळच आली नव्हती.

पावसाळा संपता संपता मोरीतला तो जोड आपोआप गळायला लागला. खरंच आपोआप, पहिली वेळ माझी नव्हती. आतलं वायसर, चामड्याची चकती, खराब झालं होतं. मिस्तरी दोन दिवस मोरीत आडवे. गोणपाट अंथरलेलं, डोकं भिंतीच्या कोपऱ्यात, एक पाय उंबऱ्यावर. लोखंडाच्या दुकानात तीनदा गेले. तिथे गप्पा मारल्या. चहा पिऊन आले. संध्याकाळी पाठ धरली होती पण चेहरा कसा, हंगामात असायचा तसा. आणि मी दोन्ही दुपारी मागच्या दारात बसले.

तिसऱ्या दिवशी जोड कोरडा होता. ते स्वयंपाकघरात आले आणि मिठाची बरणी चुलीपासून लांब ठेवली.

आता सांगते. सांगायचं म्हणूनच बसले आहे ना? दुपारी ते ओसरीवर झोपले होते. त्यांच्या हत्यारांची लाकडी पेटी खाटेखाली असायची, पाना तेलकट फडक्यात गुंडाळलेला. मी तो काढला. नळाला तेव्हा पाणी नसायचं, म्हणून एक थेंब पडला नाही. नट अर्धा फेर फिरवला, सुटायच्या बाजूला. पाना पुसून पेटीत ठेवला. मला आठवतं, मी मग तांदूळ निवडले.

संध्याकाळी पाणी आलं आणि जोड ठिबकायला लागला.

एकदा केलं असतं तर मी हे तुम्हाला हसत सांगितलं असतं. म्हातारपणी नवऱ्याची केलेली थट्टा. पण मी ते अकरा वेळा केलं. मोजलं होतं का? हो, मोजलं होतं. दिवाळीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. कधी नट ढिला केला, कधी त्यांनी नीट बसवलेलं चामड्याचं वायसर नखाने जरासं सरकवलं. मला त्या जोडाची त्यांच्याइतकीच माहिती झाली.

सुरुवातीला ते चिडत आणि त्यातही मजेत असत. पाइपाला शिव्या देत, दुकानदाराला देत, नळ बसवणाऱ्यांना देत. सगळा जोड उकलायचा, नवा ताग, नवा सफेदा. मोरीत उतरताना मात्र आता भिंत धरावी लागे. उठताना मला हाक मारत. मी हात देऊन उठवायची. संध्याकाळी गरम तेलाने कंबर चोळून द्यायची. हे ऐकताना तुमच्या मनात येईल की हिला तेव्हा काहीच वाटलं नाही? वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दारात बसले की जायचं.

नंतर चिडणं थांबलं. हे मला कळायला हवं होतं. कळलं, खरं सांगायचं तर. नट कसून झाला की ते त्यावर हात ठेवून नुसते बसत. नट असा आपोआप सुटत नाही, त्याला हादरे लागतात, हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? आणि मोरीत कसले हादरे. घरात आम्ही दोघंच. एकतर त्यांच्या हातांत खोट, नाहीतर माझ्यात. त्यांनी आपल्या हातांवर संशय घेतला. माझ्यावर कधी घेतलाच नाही.

मग ते हातांकडे बघायला लागले. जेवताना बोटं उघडझाप करून बघत. एकदा त्यांच्या हातून काचेचा पेला पडला, कोणाच्याही पडतो, तर तुकडे न उचलता तसेच बसून राहिले. भाजी चिरायला मागून घेत आणि दोन मिनिटांनी विळी माझ्याकडे सरकवत. माझे डबे आता कुठेही असले तरी ते काही म्हणत नव्हते. स्वयंपाकघरात यायचेच कमी झाले. म्हणजे मला हवं होतं ते मिळालं होतं. तरी मी अजून दोनदा नट ढिला केला. का? मला हे उत्तर तेव्हाही देता आलं नसतं. सवय होते. दुसऱ्याचं काही मोडायची होत नाही, पण आपल्याच घरातलं मोडायची होते.

अकराव्या वेळी त्यांनी स्वतः जोड उघडला नाही. तळोद्याहून एक नळवाला आमच्या गल्लीत कामाला आला होता, चाळिशीतला, अबोल माणूस. त्याला बोलावलं. मिस्तरींनी दुसऱ्या कारागिराला घरात बोलावणं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तो मोरीत वाकला, जोडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हाई काम कोन करेल शे?"

मिस्तरी दारात उभे होते. मी म्हणाले, यांनीच.

"भारी काम शे," तो म्हणाला. "नट फक्त ढिल्ला शे." त्याने पाना लावला, अर्धा फेर कसला आणि उठला. झालं. मी आता थांबले तर पुन्हा कधी गळणार नव्हतं, मला ठाऊक होतं.

तुम्हाला वाटेल, चांगलं झालं, कारागिराने कारागिराला दाद दिली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मिस्तरींनी त्यातलं एकच ऐकलं. तो गेल्यावर म्हणाले, "डोकं शे, पन हातमा जोर ऱ्हायना नही. साधा नट कसाता येस नही माले." शांतपणे म्हणाले. जणू दुसऱ्या कोणाबद्दल.

मी तिथेच होते, चुलीशी. पोळी तव्यावर होती. मी ती उलटली.

त्या दिवसापासून मी नटाला हात लावला नाही, आणि जोड पुन्हा गळला नाही. मग त्यांची खात्रीच पटली. दुसऱ्याने एकदा कसला तो टिकला. आणखी काय पुरावा हवा?

आता जे सांगते ते त्या अकरा वेळांपेक्षा मोठं आहे. हंगामाच्या तोंडावर जिनिंगमधून माणूस आला. दरवर्षी यायचा. निवृत्त झाले त्या वर्षीही आला होता आणि ते टोपी घालून निघाले होते. यंत्र सुरू करायच्या आधी मिस्तरींनी एकदा सगळ्यावर हात फिरवायचा, असा रिवाजच होता. त्या माणसाने सांगितलं, मोठं इंजिन चालू होतंय पण मध्येच झटका खातंय, मालक वाट बघतायत.

मिस्तरी खाटेवर बसले होते. हात मांडीवर पालथे. म्हणाले, "दुसरा कोनले बलाई ल्या. माले आते जमस नही."

माणूस हसला, त्याला थट्टा वाटली. "मिस्तरी, तुमी नुसता दखा. हात लावू नका."

"हातनंच काम शे ते," ते म्हणाले. "आनि हात गयात मन्हा."

मी चहा घेऊन दारात उभी होते. चार शब्द पुरले असते. तुमचे हात चांगले आहेत, नट मी ढिला करत होते. माणूस परका होता, लाज वाटली असती, गावभर झालं असतं. मिस्तरींनी मला काय केलं असतं? काही नाही. आयुष्यात बोट लावलं नव्हतं. म्हणजे मी भीतीनेसुद्धा गप्प बसले नाही. नुसती बसले. कप खाली ठेवले आणि आत गेले. माणूस जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, वहिनी, यांना समजवा. मी मान हलवली.

आठवड्याभरात त्यांनी हत्यारांची पेटी त्या तळोद्याच्या नळवाल्याला देऊन टाकली. तो घेईना. यांनी त्याच्या खांद्यावर ठेवली.

सुमन माहेरपणाला आली तेव्हा दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं, वडील पूर्वीसारखे नाहीत. मोरीपाशी मला गाठून विचारलं, "माय, नानाले काय व्हयनं?"

"वय व्हयनं," मी म्हणाले. "दुसरं काय?"

हे मी मोठ्याने बोललेलं खोटं. बाकी सगळं न बोलता केलं. सुमन रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या माघात म्हसावदला सुमनच्या नणंदेचं लग्न होतं. सकाळची एसटी धरायची होती. मी लुगडं नेसून, पिशवी भरून तयार. ते बाहेर येईनात म्हणून आत गेले. नवा सदरा अंगात घातलेला, पुढून उघडा, दोन्ही हात बाजूला सोडलेले. थंडी होती, छातीवर शहारा आला होता.

"गुंड्या लाई दे वं," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. कापत नव्हते. त्यांनी एकही गुंडी लावून बघितली नव्हती, काजं कोरी होती, कडक. बघा तरी लावून, एवढं म्हणायला हवं होतं. मी पुढे झाले आणि खालून वरपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या. त्यांनी हनुवटी वर करून धरली, वरची लावता यावी म्हणून.

त्यानंतर ते तीन वर्षं जगले. रोज अंघोळ झाली की माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, आणि मी गुंड्या लावायची.