वर की खाली

आईच्या छातीत धातूची झडप बसवलेली आहे. दुपारी पंखा बंद असला आणि आम्ही दोघी गप्प असलो की तिची टिकटिक ऐकू येते. आई म्हणते, "वाजतंय बघ. मंजे मी हाय अजून." तिला त्याची गंमत वाटते. मी मात्र अजूनही उठून पंखा लावते.

शस्त्रक्रियेनंतर मी तिला पालीजवळच्या गावातून रत्नागिरीला माझ्याकडे आणलं. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत आणि मी एकटीच राहते, कॉलेजात गणित शिकवते. त्यामुळे तिला आणताना कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. तिलाही विचारलं नाही, हे ती अधूनमधून ऐकवते.

अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर चालते. रक्त किती पातळ आहे ते तपासणीतल्या एका आकड्यावरून कळतं. आईचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. फार वर गेला तर आतल्या आत रक्तस्राव. डॉक्टरबाईंनी हे मला शांतपणे समजावून सांगितलं होतं आणि मीही शांतपणे मान हलवली होती. रिक्षात बसल्यावर घरचा पत्ताच आठवेना.

पहिला आकडा पावणेपाच आला. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढचा दोनच्या खाली. गोळी थोडी वाढवली. मग चार, मग सव्वादोन. लॅबचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मी कुणाशी धड बोलत नसे.

त्याच सुमारास मी पहिल्या वर्षाला अनंत श्रेणी शिकवत होते. फळ्यावर लिहिलं होतं: एक वजा अर्धा, अधिक एक तृतीयांश, वजा एक चतुर्थांश, आणि असंच पुढे. ही बेरीज संपत नाही, तेव्हा कुठेतरी थांबावं लागतं. थांबलो तर किती चुकलो? याचं उत्तर मला फार आवडतं. एक पाऊल वर, एक खाली, आणि दरवेळचं पाऊल आधीपेक्षा लहान होत शून्याकडे जाणारं, असं असेल तर खरी बेरीज शेवटच्या दोन बेरजांच्या मध्येच सापडते. जे पहिलं पद, म्हणजे पाऊल, आपण सोडून दिलं त्याहून मोठी चूक होत नाही. खरं उत्तर ठाऊक नसतानाही चुकीभोवती कुंपणासारखा गडगा घालता येतो.

खडू हातात धरून मी तशीच उभी राहिले. पावणेपाच, दोनच्या खाली, चार, सव्वादोन. आईच्या आकड्याची पावलं लहान होत होती! म्हणजे तो कुठेतरी मध्ये येऊन बसणारच. मला इतका आनंद झाला की मी मुलांना गृहपाठ द्यायचाच विसरले.

एवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मंडणगडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पावलं लहान होत नसतील तर?"

"तर हे प्रमेय आपल्या कामाचं नाही," मी म्हणाले. "पुढे चला."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. गणित म्हटलं की ती एरवी उठून जाते, पण त्या दिवशी ऐकत बसली.

"मंजे आमटीत मीठ जास्त झालं की पाणी घालायचं, पाणी जास्त झालं की मीठ," ती म्हणाली.

"हो, पण चिमूट दरवेळी लहान."

"ता काय मला शिकवतंस?"

आम्ही दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो.

त्यानंतरचा आकडा साडेचारच्या पुढे गेला, आणि त्याच्या पुढचा दीडला टेकला. पावलं मोठी व्हायला लागली होती. मी लॅबवाल्याशी भांडले, मशीन तपासून घ्या म्हणाले. औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख पाहिली. डॉक्टरांवरही मनातल्या मनात चिडले. गणित चुकणार नाही याची मला खात्री होती, म्हणून बाकी सगळ्यांवर संशय.

दीडचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, आई विळीवर बांगडे साफ करत बसली होती. मी ओट्याशी चहा गाळत होते. ती काहीतरी बोलली आणि शब्द जाड, ओले असे बाहेर पडले. वळून पाहिलं तर बांगडा खाली घसरला होता आणि तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. ती त्या हाताकडे, शेजारणीचं पोर मांडीवर येऊन बसावं तसं बघत होती.

रिक्षाने हॉस्पिटलपर्यंत नेलं. वाटेत मी तिचा हात घट्ट धरला होता. दारात पोचेपर्यंत बोटं हलू लागली होती. ती म्हणाली, "दुखतंय गो, सोड." शब्द स्वच्छ होते. मी रस्त्यातच रडले.

मेंदूच्या तपासणीत काही निघालं नाही. हा इशारा समजा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि मग खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. "आजी, काय खाता, गोळी कशी घेता, सगळं सांगा. मी रागावणार नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू सांगितलं. आकडा वर गेला की ती गोळीचा अर्धा तुकडा मोडून कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवायची. खाली गेला की तोच तुकडा जास्तीचा घ्यायची. शिवाय पालेभाजीने रक्त दाट होतं असं शेजारच्या काकींनी सांगितलं होतं, तेव्हा वर गेलेल्या आठवड्यात मी कॉलेजला गेले की शेवग्याचा पाला शिजवून खायची.

"पण रिपोर्ट तर मी तुला दाखवतच नव्हते!" मी ओरडलेच.

"तू चपला काढतंस त्याच्यावरून कळतं. वर असला की भिरकावतंस, खाली असला की जुळवून ठेवतंस. आणि तूच सांगितलंस ना, वर गेला की खाली ओढायचा? मी जरा हात लावला. तुझा घोर कमी व्हावा म्हणून."

मला तिच्यावर रागावता येईना, कारण तेच मीही करत होते. आकडा वर गेला की मी माठाच्या दोन जुड्या आणायची, खाली गेला की भाजीवालीकडे बघायचीही नाही. आणि कुणालाच काही बोलले नव्हते.

"आकडा बघून मी गोळी बदलते, तुम्ही भाजी बदलता आणि आजी पुन्हा गोळी बदलतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग मी ठरवू कशावरून?"

त्यांचं पाऊल पुरेसं लहान होतं. त्यावर माझं, त्यावर आईचं. तिघी मिळून आम्ही त्या आकड्याला दरवेळी एकाच दिशेने ओढत होतो, म्हणून तो मध्ये न थांबता पलीकडे जात होता. प्रेमाने ओढत होतो, आणि आई त्यात मरता मरता वाचली.

तेव्हापासून नियम ठरला. गोळी माझ्या हातून, ठरलेल्या वेळी. पालेभाजी रोज एक वाटी, आकडा काहीही येवो. बदल करायचा तो फक्त डॉक्टरांनी. करंडा मी आईसमोरच रिकामा केला. संध्याकाळी ती म्हणाली, "मंजे आता माझ्या हातात कायच नाय." ज्या बाईने सगळं घर हाताच्या अंदाजावर चालवलं, तिला मी नुसतं बसून राहायला सांगत होते.

परवा नवा रिपोर्ट आला. आईला कळू नये म्हणून दारात मी चपला मुद्दाम कशातरी काढल्या, एक इकडे, एक तिकडे.

"खाली ना? भिरकावल्याचा आवाज असा नाय येत," आई आतूनच म्हणाली.

"थोडासाच. अडीचला जरा कमी. डॉक्टरांनी गोळी किंचित वाढवलीय. तू काही करायचं नाहीस."

"मी कशाला काय करू?"

मी पानं वाढली. भात, आमटी, माठाची भाजी. आई जेवायला बसली, पण घास घेईना. भाजीच्या वाटीकडे बघत राहिली. छातीतली टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने वाटी माझ्याकडे सरकवली. ती अर्धीच भरलेली होती. मी कधी हात आखडला ते माझं मलाही कळलं नव्हतं.

"रोजच्याएवढी वाढ, बाय," आई म्हणाली.